त्यानं विचारलं, ‘दुखतं का?’

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळातल्या बाईंचा फोन आला. मी त्यांना म्हटलं, इमारत, निकाल, स्नेहसंमेलनं यांवर इतर माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला एका मित्राविषयी लिहू द्या. त्याचं नाव इथे येणार नाही, तशी त्याचीच इच्छा आहे. पण १९८६ साली दहावी झालेल्या आमच्या तुकडीला तो कोण हे लगेच कळेल.

ज्यांनी मला पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. मी बालवाडीत असताना आमच्या पंचवटीतल्या घरात रॉकेलचा पंपाचा स्टो भडकला. माझा डावा गाल, डावा कान, हनुवटी, गळा आणि डावा हात भाजला. शेजारचे धावत आले आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्यांनी दौतीतली शाई माझ्या अंगावर ओतली. भाजल्याबरोबर २० मिनिटं नळाचं साधं गार पाणी वाहतं ठेवायचं, बर्फ लावायचा नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, हे आज मी माझ्या औषधाच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. तेव्हा आम्हाला ते सांगणारं कोणी नव्हतं.

जखमा भरल्या तेव्हा घरच्यांना वाटलं, सुटलो. पण खोल भाजलेल्याचा निम्मा त्रास जखम भरल्यावर सुरू होतो. व्रण आकसत जातो. माझी हनुवटी हळूहळू छातीकडे ओढली गेली, डाव्या डोळ्याची खालची पापणी खाली खेचली गेली, ओठाचा डावा कोपरा आखडला. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात मांडीची कातडी काढून ती गळ्यावर बसवली. मान वर आली. पण व्रणाची कातडी मुलाबरोबर वाढत नाही. मी उंच होत गेलो तशी ती पुन्हा ताणायची आणि पुन्हा मुंबईची वारी ठरायची. वडिलांची रजा आणि आईच्या बांगड्या त्यात संपल्या. त्या कातडीला घाम येत नाही, तिच्यावर केस उगवत नाहीत, आणि उन्हाळ्यात ती इतकी खाजते की झोप लागत नाही. रात्री डावा डोळा पुरता मिटायचा नाही, म्हणून आई त्यात मलम घालून वर पातळ फडकं बांधायची.

आता भाजलेल्या मुलांना अंगाला घट्ट बसणारे दाबाचे कपडे देतात. अंघोळीपुरते काढायचे आणि बाकी दिवसरात्र, दिवसाचे २३ तास, वर्ष-दीड वर्ष घालायचे. व्रण त्यामुळे बराच सपाट राहतो. जोडीला सिलिकॉनच्या पट्ट्या असतात. आमच्या वेळी खोबरेल तेल आणि आईचा अंगठा, एवढंच होतं. पण तो अंगठा रोज संध्याकाळी गळ्यावरून फिरला म्हणून आज मी मान वर करून आकाशाकडे बघू शकतो.

पाचवीत मी आपल्या शाळेत आलो. पहिल्या दिवशी माझ्याआधी मुख्याध्यापकांची चिठ्ठी वर्गात गेली असावी. मी दारात उभा असताना वर्गशिक्षिका मुलांना सांगत होत्या, ‘नवीन मुलगा येतोय. तो भाजलेला आहे. कोणीही त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, कोणी काही विचारायचं नाही. जो विचारेल त्याला शिक्षा.’ बाईंच्या मनात माझ्याविषयी माया होती, याबद्दल मला आजही शंका नाही. मला त्रास होऊ नये म्हणूनच त्या तसं म्हणाल्या.

मुलांनी बाईंचं ऐकलं. माझ्याकडे बघायचं नाही तर माझ्याशी बोलायचं कसं, हा प्रश्न त्यांनी आपल्या पद्धतीने सोडवला. ती बोललीच नाहीत. माझ्या बाकावर दुसरं कोणी बसलं नाही. वही मागायची असली तर मुलं माझ्या पलीकडच्याला हाक मारायची. मधल्या सुट्टीत मी वऱ्हांड्याच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून डबा खायचो. ओठाच्या आखडलेल्या कोपऱ्यातून वरण ओघळायचं आणि ते कोणाला दिसू नये असं मला वाटायचं. बघणारं कोणी नव्हतंच, तरी वाटायचं.

चिडवणंही होतं, पण ते शाळेच्या फाटकाबाहेर. नाशिककरांना दुतोंड्या मारुती सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो, रामकुंडाजवळ गोदेच्या पात्रात दोन्हीकडे तोंड असलेली मारुतीची मोठी मूर्ती आहे. पावसाळ्यात पूर किती आला हे आमचं गाव त्या मूर्तीवरून मोजतं. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, अशी बातमी घरोघर फिरते. माझा उजवा गाल सगळ्यांसारखा आणि डावा असा, म्हणून माझं नाव पडलं दुतोंड्या. पंचवटीतून शाळेत जाताना रोज त्या मूर्तीशेजारून जावं लागायचं. मी नदीकडे न बघता पूल ओलांडायचो.

अशी तीन वर्षं गेली. त्यांविषयी अधिक लिहिण्यासारखं काही नाही. एकटं पडलेल्या मुलाचे दिवस एकसारखे असतात.

१९८३च्या जूनमध्ये, आठवीच्या वर्गात, तो आला. सुरगाणा तालुक्यातल्या डोंगरातल्या एका पाड्यावरचा, कोकणा या आदिवासी जमातीतला मुलगा. शहरातल्या आदिवासी वसतिगृहात त्याला जागा मिळाली होती. शाळेत उशिरा घातल्यामुळे आमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, खांद्यानं रुंद, अनवाणी. वर्गात एकच जागा मोकळी होती, माझ्या शेजारची. तो येऊन बसला, दप्तराची पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळून बघायला लागला. चोरून नव्हे, सरळ. कपाळ, डोळा, कान, गळा, मग बाकावरचा माझा डावा हात. मी मान खाली घातली. त्याचं बघणं संपेना.

मग त्यानं विचारलं, ‘हे कशानं भाजलं?’

मला आठवतं तसं, शाळेत कोणी मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मी म्हटलं, ‘स्टोनं.’ त्यांच्या पाड्यावर स्टो नव्हता. स्टो कसा भडकतो हे मी त्याला सांगितलं. पंप मारायचा, पिन मारायची, तोंडाशी रॉकेल साठलं तर काय होतं, सगळं. तो लक्ष देऊन ऐकत होता, जसं एखाद्या यंत्राविषयी ऐकावं तसं. शेवटी म्हणाला, ‘अजून दुखतं का?’

‘नाही. खाजतं.’

‘मग बरं आहे,’ तो म्हणाला आणि पिशवीतून भूमितीचं पुस्तक काढून मला विचारू लागला की या पुस्तकात नुसत्या रेघा का आहेत.

माझ्या चेहऱ्याचा विषय त्याच्यापुरता तिथे संपला. त्याला जे जाणून घ्यायचं होतं ते त्यानं जाणून घेतलं होतं. पुढे तो माझ्याकडे बघायचा तो माझं म्हणणं ऐकण्यासाठी, किंवा माझ्या डब्यात काय आहे ते पाहण्यासाठी. मला हे नवीन होतं. न बघणाऱ्यांची मला सवय होती, घाबरून बघणाऱ्यांची होती, आणि हळहळत बघणाऱ्या नातेवाईक बायकांचीही होती. बघून झाल्यावर पुढच्या गोष्टीकडे वळणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

डब्याचं असं झालं. वसतिगृहातली मुलं सकाळी जेवून यायची आणि मग थेट संध्याकाळी. मधल्या सुट्टीत तो वऱ्हांड्याच्या टोकाला आला, भिंत आणि मी यांच्या मध्ये जी वीतभर जागा होती तिथे पाठ टेकून बसला, म्हणजे बरोबर माझ्या तोंडासमोर. भूक लागली होती हे त्यानं लपवलं नाही. मी पोळी पुढे केली. वरण ओघळलं, मी गडबडीनं पुसायला लागलो. त्यानं माझ्या डब्याचं झाकण माझ्या हनुवटीखाली धरलं आणि म्हणाला, ‘वाया घालवू नको.’ त्या आठवड्यातच आई दोघांचा डबा देऊ लागली. आईला त्याच्याविषयी काय वाटलं हे तिनं बोलून दाखवलं नाही, पण त्याला उडदाचं आवडतं हे कळल्यावर आमच्या ब्राह्मणी स्वयंपाकघरात लसूण घातलेलं उडदाचं वरण शिजायला लागलं.

वर्गात त्याच्या बोलण्यावर मुलं हसायची. त्याची बोली डांगी. ग्रांथिक मराठी त्याला परकी, इंग्रजी तर पाचवीपासून नुसती नावाला. मी त्याचं शुद्धलेखन घ्यायला लागलो. तो मला काय देत होता हे तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं, पण दिसायला लागलं होतं. त्याला कोणाशीही बोलायला संकोच नसे आणि मी त्याच्या शेजारी असे. त्यामुळे मुलं त्याच्याशी बोलताना ओघानं माझ्याशीही बोलायची. शिक्षेची भीती कधी गळून पडली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

त्याच पावसाळ्यात त्यानं मला विचारलं, तुला दुतोंड्या का म्हणतात? गोदेला पूर आला होता. मी त्याला घेऊन होळकर पुलावर गेलो. अर्धं नाशिक तिथे लोटलं होतं. म्हातारी माणसं १९६९च्या महापुराच्या गोष्टी सांगत होती. पाणी तपकिरी, वेगानं जाणारं, आणि त्यात मारुती छातीइतक्या पाण्यात उभा. मी म्हटलं, ‘तो बघ. त्याच्यावरून.’ तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘सगळं गाव याच्याकडे बघायला आलंय की.’ एवढंच बोलला. मी त्या गर्दीत तासभर उभा होतो, खांद्याला खांदा लागत होता, आणि मला घरी जायची घाई झाली नाही. त्या दिवसानंतर मी पुलावरून जाताना नदीकडे बघायला लागलो.

सहलीचीही एक गोष्ट लिहितो, कारण आमच्या तुकडीतल्या कोणालातरी ती आठवत असेल. नववीत आम्हाला तपोवनात नेलं होतं. लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं ती जागा. नाशिकच्या मुलांनी ही गोष्ट आजीच्या मांडीवरच ऐकलेली असते. सर रंगवून सांगत होते, मुलं हसत होती, दोघा-तिघांनी माझ्याकडे पाहून कोपरखळ्या मारल्या. मी मागे सरकलो. तेवढ्यात यानं हात वर केला. ‘सर, मग तिचं पुढे काय झालं?’ सर म्हणाले, ती खर-दूषणाकडे गेली, मग लंकेला रावणाकडे गेली, आणि मग रामायण घडलं. हा म्हणाला, ‘ते झालं सर. पण ती स्वतः? नाक कापल्यावर ती राहिली कुठं? तिच्याशी कोण बोलायचं?’ सर थांबले. ते विद्वान होते, त्यांना खूप ग्रंथ पाठ होते. ते म्हणाले, ‘हे मी वाचलेलं नाही रे.’ मुलं गप्प झाली. मी आजवर रामायणावरची पुष्कळ प्रवचनं ऐकली, गोदाघाटावर काही कमी होत नाहीत, पण हा प्रश्न पुन्हा कोणाच्या तोंडून ऐकला नाही.

आता कबड्डी. शाळेच्या संघात तो लगेच गेला. त्याच्या पकडीतून सुटणं कोणाला शक्य नव्हतं. नववीत आंतरवर्गीय सामन्यांच्या वेळी आमच्या वर्गाला सातवा गडी मिळेना. त्यानं माझं नाव दिलं. मला न विचारता. मी नाही म्हटलं, खेळाच्या सरांनी नाही म्हटलं, मुलांनी तर चेहरेच केले. कबड्डीत अंगाला अंग लागतं. माझ्या हाताला आणि मानेला शाळेत कोणी कधी शिवलेलं नव्हतं. हे काही लागण होणारं आहे का, अशी कुजबूज मी ऐकलेली होती. तो सरांना म्हणाला, ‘त्याचा दम मोठा आहे. मी ऐकलाय.’ खरं होतं ते. आम्ही दोघं गोदाघाटावर कोणाचा दम जास्त टिकतो याची शर्यत लावायचो.

पहिल्या चढाईत समोरचे सगळे मागे हटले. कोणी पकडायला पुढे येईना. मी एकाला शिवलो आणि रेषेवर परत आलो. दुसऱ्या चढाईतही तेच. तेव्हा यानं मैदानातून समोरच्या संघाला ओरडून सांगितलं, ‘अरे पकडा ना त्याला! काय फुकट गुण देताय?’ तिसऱ्या चढाईत त्यांच्या कोपऱ्यातल्या मुलानं माझा पाय धरला, दुसरा मानेवर पडला, आणि चौघांचा ढीग माझ्या अंगावर आला. मी बाद झालो. उठलो तेव्हा हाताची कातडी फाटून रक्त येत होतं, कारण रोपण केलेली कातडी पातळ असते आणि लवकर फाटते. ज्यानं मानेवर उडी घेतली तो घाबरून पांढरा पडला होता. त्यानं आपल्या रुमालानं माझा हात बांधला. आज तो नाशिकरोडला राहतो आणि हे वाचेल. तुझा तो रुमाल मी परत केला नाही, कारण आईनं तो जपून ठेवला. घरी आई आधी रागावली, माझा हात हातात घेऊन बसली, आणि मग विचारलं, ‘किती जण होते रे अंगावर?’

नववीच्या वार्षिक परीक्षेआधी, होळीनंतर, तो मला त्याच्या गावी घेऊन गेला. एसटीनं, मग पायी. तिथे भोवाडा होता. मोखाडा-जव्हारकडे बोहाडा म्हणतात तोच. रात्रभर संबळ आणि सनई वाजते, टेंभ्यांच्या उजेडात देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे घातलेली सोंगं नाचत येतात. कोणतं सोंग कोणत्या घरानं नाचवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. त्यांच्या घराकडे नरसिंहाचं होतं. लाकडाचा जड मुखवटा, डोळ्यांना बारीक भोकं. त्याचे वडील एरवी हंगामात दिंडोरीकडच्या द्राक्षबागांवर मजुरीला यायचे. त्या रात्री ते नाचायला उभे राहिले तेव्हा टेंभा धरलेला माणूस त्यांना वाट दाखवत उलटा चालत होता आणि बायका मुखवट्याला ओवाळत होत्या.

त्या गावानं मला पाहिलं. म्हाताऱ्या बायकांनी माझ्या गालाला हात लावून पाहिला, कसं झालं ते विचारलं, माझ्या आईसाठी ‘अरेरे’ म्हटलं आणि नागलीची भाकर आणि खुरासणीची चटणी माझ्या हातात ठेवली. गाव म्हणजे स्वर्ग असं मला सांगायचं नाही. त्याच पाड्यावर चुलीत पडून भाजलेली एक मुलगी होती, आणि तिला मागणी येत नव्हती. ती मुखवट्यांच्या मिरवणुकीत मागे, अंधारात उभी होती. माझा मित्र मला तिच्याकडे घेऊन गेला. आम्ही कातडी खाजते तेव्हा काय करायचं यावर बोललो. ती मोहाचं तेल लावायची, मी खोबरेल. माझ्यासारखं दुसरं माणूस मी रुग्णालयाबाहेर तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढे कधीतरी सार्वजनिक वाचनालयात वाचताना मला एका इंग्लिश गावाची हकीकत सापडली. दुसऱ्या महायुद्धात विमानं पेटून भाजलेल्या तरुण वैमानिकांवर ईस्ट ग्रिनस्टेड इथल्या रुग्णालयात आर्चिबाल्ड मॅकइंडो नावाचे शल्यविशारद उपचार करत. समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा चांगल्या भरतात हे पाहून ते रुग्णांना मिठाच्या पाण्याची अंघोळ घालत. या वैमानिकांनी १९४१ साली आपलं एक मंडळ काढलं, युद्ध संपेपर्यंत त्यात ६४९ जण झाले. मॅकइंडोंनी गावकऱ्यांना सांगून ठेवलं होतं की ही मुलं रस्त्यात दिसली तर दचकू नका, टक लावून बघू नका. आमच्या बाईंचंच वाक्य! मी पुढे वाचत गेलो. फरक पुढे होता. मॅकइंडो तेवढ्यावर थांबले नव्हते. या मुलांना घरी जेवायला बोलवा, नाचायला न्या, त्यांच्याशी गप्पा मारा, हेही त्यांनी गावाला सांगितलं होतं, आणि गावानं ते केलं. बाईंनी आम्हाला पहिलं अर्धं सांगितलं होतं. दुसरं अर्धं सुरगाण्याहून आलेल्या त्या मुलानं केलं.

दहावीच्या वर्गाचा फोटो या स्मरणिकेत छापला जाणार आहे असं ऐकतो. फोटोग्राफरनं मला तोंड जरा डावीकडे फिरवायला सांगितलं होतं, म्हणजे उजवा गाल दिसेल. मागच्या रांगेतून आवाज आला, ‘तो असाच बसेल.’ मी तसाच बसलो. बघा हवं तर.

नंतरचं थोडक्यात. मी फार्मसीची पदविका घेतली. नोकरीच्या मुलाखतींत कागद बघून बोलावणारे माणूस बघून ‘कळवतो’ म्हणायचे. त्यासाठी दाद मागायला जागा नव्हती. आजही २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अॅसिड हल्ल्यानं विद्रूप झालेल्यांचा समावेश आहे, आणि तो हवाच होता. पण स्टोनं, दिव्यानं, फटाक्यानं गेलेल्या चेहऱ्याला त्या यादीत वेगळी जागा नाही. मी स्वतःचं दुकान टाकलं. पहिल्या दिवशी काउंटरवर उभं राहायचं धैर्य होईना, तेव्हा हाच सुरगाण्याहून आला आणि दिवसभर दुकानात स्टुलावर बसून राहिला. तोवर तो आश्रमशाळेत शिक्षक झाला होता. माझ्या लग्नात त्यानं वाढपं केलं. त्याच्या थोरल्या मुलीनं नाशिकला आमच्या घरी राहून नर्सिंग केलं, आणि जळीत कक्षातच नोकरी धरली. ते तिनं स्वतः ठरवलं, आम्ही कोणी सुचवलं नव्हतं.

तिच्यामुळे मी त्या कक्षात जायला लागलो. भाजलेल्या मुलांच्या आई-बापांशी बोलतो. मला पाहून ते आधी हादरतात, मग मोठी झालेली माणसं जगतात, कमावतात, संसार करतात, हे त्यांना दिसतं. मूल शाळेत परत जाणार असेल तेव्हा मी शक्य असेल तर आधी त्याच्या वर्गशिक्षकांना भेटतो. परदेशांत अनेक जळीत रुग्णालयं हे काम पद्धतशीरपणे करतात. रुग्णालयातलं माणूस मुलाच्या आधी वर्गात जातं, काय झालं ते मुलांना समजावतं, हे संसर्गानं होत नाही हे सांगतं, त्यांना हवे ते प्रश्न विचारू देतं. मी शिक्षकांना एवढंच म्हणतो, मुलांना बघू द्या, विचारू द्या. भाजलेल्या मुलाला तीन वाक्यांचं उत्तर तयार करून द्या: काय झालं, आता दुखतं की नाही, आणि मला काय खेळायला आवडतं. तिसरं वाक्य विसरू देऊ नका. आणि त्याच्या शेजारी कोणाला तरी बसवा, पहिल्याच दिवशी. आपल्या शाळेतल्या आजच्या शिक्षकांनाही माझी हीच विनंती आहे.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो फोनवरून त्याला वाचून दाखवला. तो आता निवृत्त झाला आहे आणि शेती बघतो. शेवटपर्यंत ऐकल्यावर म्हणाला, ‘सगळं बरोबर लिहिलंस. पण तू एक धरून चाललायस, की बाईंचा तो नियम मला ठाऊक नव्हता.’

मी इतकी वर्षं तसंच समजत होतो. तो पाचवीत नव्हता, त्याच्या कानावर ते गेलं नव्हतं, म्हणून त्यानं विचारलं.

‘मला पहिल्या दिवशी फाटकातच सांगितलं होतं पोरांनी,’ तो म्हणाला. ‘कोपऱ्यात एक आहे, त्याच्याकडे बघायचं नाही, विचारायचं नाही, बाई मारतात. पण जागा तिथंच होती. वर्षभर शेजारी बसायचं आणि बघायचं नाही, हे कसं जमायचं? म्हटलं, मार खाऊ एकदा. तू बरा मुलगा दिसत होतास, तूच सांगशील असं वाटलं.’

मला काही बोलता आलं नाही. त्यानंच विषय बदलला. कार्यक्रम किती वाजता आहे, जेवण आहे का, कबड्डीचं मैदान अजून आहे की तिथे पार्किंग केलं, हे विचारलं. पहाटेची गाडी धरली तर दहापर्यंत जुन्या सीबीएस बसस्थानकावर पोचतो म्हणाला. ‘तू दुकान बंद ठेव. आणि रुमालवाल्यालाही बोलाव.’

दुकान बंद ठेवतोय. रुमालवाल्या मित्रा, तुला हे निमंत्रणच समज.